सगळ्या गोळ्या

माझ्या काकांच्या पायाला भिंगरी आहे. जेवतानासुद्धा दोनदा उठतात. ते कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हा ते वर्षभर घरात बसून होते, आणि मग जे उठले ते आजतागायत टेकलेले नाहीत. खानावळींचं उष्टं, साली, शिळे पाव गोळा करायचे, पाणी पिळून वाळवायचं, भुसा मिसळून यंत्रातून दाबून काढायचं. बोटाएवढे कडक तुकडे पडतात, ते भट्टीत लाकडासारखे जळतात. शेडमध्ये आम्ही त्यांना गोळ्या म्हणतो. वाळवण माझ्याकडे असतं, म्हणजे काकांची बोलणीही माझ्याकडेच.

घरातल्या गोळ्या वेगळ्या. काकांचा रक्तदाब असा की डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, औषध चुकवत राहिलात तर एक दिवस अर्धं अंग जाईल. तेव्हापासून काकूच्या हातून फोन सुटत नाही.

परवा एका बेकरीच्या भट्टीत आमचा माल पहिल्यांदाच पडणार होता. काका सकाळपासून टेम्पोभोवती घिरट्या घालत होते, पोती मोजून पुन्हा मोजत होते. माझं डोकं उठलं होतं. तेवढ्यात काकूचा फोन.

"गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या गं, सगळ्या घेतल्या," म्हणून काकांनी फोन ठेवला. त्यांच्या डोक्यात टेम्पो होता. काकूला वाटलं, यांनी पाकीटच्या पाकीट गिळलं.

आम्ही बेकरीत पोती उतरवतोय तोच ती दारात उभी. पायांत दोन वेगळ्या चपला. "सगळ्या का घेतल्या हो? काय कमी पडलं तुम्हाला?"

बेकरीवाला बघतच राहिला. मला आधी उमगलं आणि हसू आवरेना. मी पोत्यांकडे बोट दाखवलं. काकूही हसली, डोळे पुसत.

"मग औषधाच्या?"

काका लगबगीनं भट्टीत डोकावू लागले. काकूनं सरळ त्यांच्या खिशात हात घातला. पाकिटातली एकही गोळी फोडलेली नव्हती. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

"त्या घेतल्या की अंग जड होतं," काका म्हणाले. "बसावंसं वाटतं."

"मग बसायचं की."

"बसलो होतो ना वर्षभर. ताट वाढायचीस, पण माझ्याकडे बघायची नाहीस."

भट्टी छान पेटली होती. बेकरीवाला कौतुक करत होता, पण ऐकत कुणीच नव्हतं. काकूनं एक गोळी फोडून काकांच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः एका पोत्यावर बसून शेजारी जागा केली.

"घ्या. आणि बसा इथं. मी बघतेय तुमच्याकडे."

काकांनी गोळी गिळली. बसायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.