पुसल्यानंतर

माजलगावच्या घरात बसून मी जे काम करते, ते शेजारणींना नीट सांगता येत नाही. संगणकासाठी एक नवी मेमरी तयार होते आहे, वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी. कुणी तिची चिप बनवतं, कुणी बोर्ड, कुणी सॉफ्टवेअर. या सगळ्या कंपन्यांना एका नियमावर आणणं, हे माझं काम.

त्यांच्यातला एक इंजिनिअर मूळचा धर्मापुरीचा. एकदा मीटिंगमध्ये इंग्रजीत भांडणं चालली होती आणि माईक चालू आहे हे विसरून तो पुटपुटला, "कावून इतकी घाई करायलेत हे?" आपल्याकडची बोली ऐकून मला हसू फुटलं. तेव्हापासून तो मला ताई म्हणू लागला.

पुसलेलं खरंच पुसलं जातं का, हे आधी तपासा, असा त्याचा हट्ट होता. इतरांना तो नसता उशीर वाटायचा. मी भांडून त्या चाचणीला होकार मिळवला. पण चाचणीआधीच, पुण्याहून गावी येताना त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो जागीच गेला.

तेराव्यानंतर मी धर्मापुरीला गेले. त्याच्या बायकोनं टॉवेलात गुंडाळलेला, नव्या मेमरीची चिप बसवलेला बोर्ड माझ्या हातात दिला. "तुमाला द्यायचा म्हणून बॅगेत ठेवलता, ताई. ह्याला कायबी झालं न्हाई, बगा."

घरी येऊन बोर्ड जोडला. पडद्यावर एकच ओळ आली, 'मी हाय'. चाचणीसाठी माणसं काहीबाही लिहितात, त्यानं हे लिहिलं होतं. मी वीज बंद केली, पुन्हा चालू केली. ओळ तशीच.

चाचणीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी ती पुसली. मग चिपच्या आत उरलेल्या खुणा तपासल्या, तर अर्धवट अक्षरं परत उमटली. 'मी' स्पष्ट वाचता येत होतं. त्याचं म्हणणं खरं निघालं होतं. पूर्ण पुसण्याचा नियम सर्वांनी मान्य केला, आणि तो पहिल्यांदा त्याच बोर्डावर लागू करायचा ठरला. पुसणारे हात माझेच होते. या वेळी काहीही उरलं नाही.

संध्याकाळी मी त्याच्या बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हंजे त्यांचं लिवलेलं होतं त्यात?"

"होतं."

"आता न्हाई?"

"नाही."

तिनं फोन ठेवला नाही. तिच्याकडे कुठंतरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं. ते मी बराच वेळ ऐकत राहिले.