खंडेनवमीची पटाशी

अन्याय झाला तो वाडीतल्या आमच्या शेजारच्या दादावर, सर्वपित्री अमावास्येला, दुपारी तीन वाजता. दुसऱ्या दिवशी नवरात्र बसणार होतं. पोलीस आले नि त्याला चालत्या लेथवरून उठवून घेऊन गेले. गुन्हा काय? काही नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने एकाला सुरा मारला होता. शिक्षा भोगून झाली, तरी सणासुदीला उचलायच्या पोरांच्या यादीत त्याचं नाव राहिलंच.

लेथ सुभानपुऱ्यात राहणाऱ्या काकूंचा. गोरव्यातल्या कारखान्यांत तेव्हा नवी यंत्रं येत होती, पण अशा पोरांना फाटकातूनच परत पाठवत. म्हणून काकूंनी वाडीत टिपऱ्यांचा कारखाना काढला. देणगी घ्यायची नाही, विकेल त्यातून पगार. आत येताना सुरा काकूंच्या हातात द्यायचा आणि पटाशी घ्यायची.

मी चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो नि या सगळ्याला मलमपट्टी म्हणायचो. पण तिथून पाय निघत नसे. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकली की रंग मधासारखा पसरे, मग चकाकीसाठी त्यावर केवड्याचं पान घासायचं. दुपार लाल होई, हिरवी होई, आणि मी कशाला आलो होतो तेच विसरे.

दादाचं काम दाखवायला काकू त्याने घडवलेल्या टिपऱ्यांची जोडी घेऊन चौकीवर गेल्या. मी मागोमाग.

"काकी, आ तो लाठी छे," ही तर लाठीच, म्हणत हवालदार हसला.

"मग वाजवून दाखवा की, भाई! लाठ्यांनी कोण गरबा खेळतं?"

सगळे हसले. दादाला सोडलं नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी पणजोबांची तलवार पुजतात. मी ती सोडून कारखान्यात गेलो. काकूंनी पटाश्या मांडल्या होत्या. दादाच्या पटाशीवर झेंडूचं फूल होतं.

दसऱ्याला तो सुटला. गल्लीच्या तोंडाशी जुने दोस्त स्कूटर चालू ठेवून उभे. "चाल ने, यार! सुधरून काय मिळालं?"

दादा स्वप्नातून उठल्यासारखा म्हणाला, "कोठडीत गरब्याच्या मैदानावरचा आवाज यायचा रे. त्यात माझ्या टिपऱ्या होत्या. नऊ दिवस ऐकल्या."

तो कारखान्यात शिरला, फूल बाजूला केलं, पटाशी उचलली.

दर वर्षी तो असाच वळेल, हे मी लिहून देणार नाही. यंदाही यादी निघेल. वाचून हळहळू नका. अमावास्येला तीनच्या आधी वाडीत या, आणि दार व लेथ यांच्या मध्ये उभे राहा.