तीसपर्यंत मोजायचं होतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणीला नाही, बाबांना नाही, आणि आईला — जिला निम्मं माहीत आहे — तिलाही उरलेलं निम्मं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मनातलं काही लिहायचं तर माझा हात इंग्रजीकडेच वळतो. पण इंग्रजीत लिहिलं तर आईबाबांना वाचता येणार नाही आणि मी पुन्हा सुटेन. म्हणून मराठीत लिहितेय. समोर बसून सांगायची हिंमत आजही नाही.

आईची डावी चप्पल चालताना निसटते. तिला ते कळत नाही, कारण त्या पायाच्या बोटांना काही जाणवतच नाही. आमच्या जरीपटका भागातल्या बाजारात, भर गर्दीत, ती एका पायानं अनवाणी चार पावलं पुढे जाते — तापलेल्या डांबरावर — आणि मी मागून चप्पल उचलून आणते, खाली बसून तिच्या पायात घालते. बघणाऱ्या बाया म्हणतात, पोरगी किती गुणाची आहे. तीन वर्षं ऐकतेय मी हे.

घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी आहे. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात एका सकाळी बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. गांधीबागेतल्या ज्या कापडाच्या दुकानात ते काम करतात तिथून फोन आला, म्हणून भरलेली बादली तशीच कूलरजवळ ठेवून ते निघून गेले. ती बादली आईनं उचलली आणि तिच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. तेव्हापासून बाबा आईला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. कोणी पाहुणे आले आणि आईकडे बघून हळहळले, की ते न विचारताच सांगतात, "चूक माही आहे. एक बादली ओतून गेलो असतो तं काय झालं असतं?" आणि मी चहाचा ट्रे धरून उभी असते.

बादली कोणी उचललीच नव्हती.

मी योगासनं घरातच सुरू केली होती. क्लास होता जवळ, पण लोकांसमोर अंग वाकवायचं या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. दार लावून, मोबाईलवर व्हिडिओ लावून, आवाज बंद करून करायचे — बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यामुळे ती शिकवणारी बाई काय सांगते ते मला कधी ऐकूच यायचं नाही. दिसायचं फक्त तिचं शरीर, घडी घातल्यासारखं वाकणारं. मी माझं शरीर ओढून तसं करायचे. दात आवळून. मांडीमागे काहीतरी फाटतंय असं वाटायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि — खरं लिहायचं तर — ते मला आवडायचं. दिवसभर कोणाला उलट शब्द न बोलणारी मी त्या खोलीत कोणाला तरी मारत होते. ते अंग माझंच होतं, एवढंच.

एकदा कडी नीट लागली नव्हती. मी भिंतीच्या आधारानं डोक्यावर उभी राहायला धडपडत होते, टी-शर्ट घसरून तोंडावर आलेला, आणि दारात आई. तिच्यामागे शेजारच्या शोभाकाकू.

"पाह्य वं शोभा, वटवाघूळ झाली माही पोरगी!"

दोघी पोट धरून हसल्या. वाईट मनानं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मग ती गोष्ट फोनवरून मावशीला, मामीला, दारावरच्या भाजीवाल्याला. प्रत्येक वेळी मीही हसले. मी नेहमीच हसते. आत काय चाललं होतं? ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

मग आईला साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. "मले शिकव ना वं," ती म्हणाली, "तू तं मास्तरीण झाली आता." त्या सकाळी बाबा गेल्यावर आम्ही चटई टाकली. आईसाठी मी आवाज चालू ठेवला. पाय लांब करून बसायचं, पुढे वाकून अंगठे धरायचे, तीस मोजेपर्यंत थांबायचं. आईचे हात गुडघ्यांपुढे जाईनात. "पोटानं रस्ता अडवला माह्या," म्हणून ती हसली. मी मोजायला लागले तशी म्हणाली, "मराठीत मोज वं. इंग्रजीतलं तीस लय दूर असते."

मी मराठीत मोजू लागले, आणि दोन्ही तळवे तिच्या कमरेवर ठेवून दाबलं.

मोबाईलमधली बाई हिंदीत सांगत होती, शरीरावर जबरदस्ती करू नका, ताण जाणवला की तिथेच थांबा. आई म्हणाली, "ऐक, ते बाई काय म्हणून राहिली. बस. दुखून राहिलं मले."

थोड्या वेळानं ती चटईवर कुशीवर पडली होती. ओठ पांढरे, पाय सरळ होईना. मी बाबांना फोन लावला. कसं झालं, त्यांनी विचारलं. माझी नजर कूलरजवळच्या बादलीवर गेली. काठोकाठ भरलेली, न हललेली. मी म्हणाले, आईनं बादली उचलली. आई खाली पडून ऐकत होती.

दवाखान्यात तिनं माझा हात धरला. "तुह्या बाबाले नको सांगू. तुले तरी काय माहीत होतं? मोजणं चुकलं तुहं. आपण दोघी बी नवीनच तं होतो."

मी मान हलवली. ती मान हलवणं हेच माझं सगळ्यात मोठं खोटं.

नव्या माणसाला कळत नाही ना, अंग किती ताणायचं? सगळे असंच म्हणतात. पण मला कळत होतं. तीन महिने रोज मी तेच तर स्वतःच्या अंगात शोधत होते — ओढ कुठे संपते, फाटणं कुठे सुरू होतं. त्या घरात ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आईची पाठ माझ्या तळव्यांखाली लाकडासारखी झाली होती, थरथरत होती. ती हातानं चटई बडवत होती. तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता, आणि कानात तिचं त्या दिवशीचं, दारातलं हसणं होतं. मी छाती टेकवून माझं सगळं वजन तिच्यावर टाकलं.

आणि माझं मोजणं चुकलं नव्हतं. तीस झाले होते. "झाले नं वं तीस!" आई किंचाळली. मी ऐकलं, श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले — एक.

सातला तिच्या कमरेत कट् असा आवाज झाला. लहानसा. माझ्या तळव्यांना तो आधी कळला, कानांना नंतर.

मी आठ म्हणाले.