पोर्टचे तीन थेंब

छावणीच्या बाजारात पुंडलिक टेलर फौजी वर्दी शिवतो. उभा जन्म त्यानं पायमशीनवर काढला. गंगापूरहून शहरात आलो की मी त्याच्याकडंच उतरतो. लहानपणी एकाच बांधावर खेळलेलो आम्ही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या भावाचा, मोतीरामचा, पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून पुंडलिकच्या बायकोचं, आवडावहिनींचं एकच म्हणणं, "अहो, एकदा रक्त तपासून घ्या."

पुंडलिक हसून सोडून द्यायचा. "दादा गूळ खायचा गूळ. मी तर चहासुद्धा फिका पितो."

चहा फिका होता, पण जेवणानंतरची वाईन गोड. एका निवृत्त सुभेदारानं त्याला पोर्ट नावाच्या या वाईनची अर्धी बाटली दिली आणि रीतही शिकवली: घटाघट प्यायची नाही, जिभेवर थांबवायची. दारूला कधी न शिवलेला हा माणूस त्या एका घोटात हरवला. मग त्यानं स्वस्तातल्या तीन पोर्ट आणल्या. चहाच्या ग्लासांत बोटभर ओतायचा, उजेडाकडं धरायचा, डोळे मिटायचा.

"ही पिकल्या जांभळाची. घोट गेला की जीभ आवळती. ही नुसती काकवी. अन् ही... थांब, बोलू नको. भिजवलेल्या मनुका. मागून लवंग येती."

मला तिन्ही खोकल्याच्या औषधासारख्या लागल्या.

"तुला काय कळतंय, ढेकळा!"

वहिनी आतून म्हणाल्या, "कापडाचं माप चुकतंय अलीकडं, अन् वाईनचं बरं कळतंय!"

"अगं, ह्यानं रक्त वाढतं."

"वाढू द्या. पण तपासा."

त्याच्या निकालाला पंच होत्या लाल मुंग्या. उंबऱ्यापाशी तो प्रत्येक बाटलीचा एकेक थेंब टाकायचा. मुंग्या आधी मनुकावाल्या थेंबाला बिलगायच्या. "बघ, माझी जीभ अन् ह्यांची जीभ एक," म्हणत तो हसायचा. हसता हसता तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुन्हा तांब्या भरायचा.

पोळ्यानंतर मी परत गेलो. पुंडलिक वाळला होता. स्वतः शिवलेला शर्ट त्याच्या खांद्यावरून ओघळत होता. तरी ग्लास मांडलेलेच. त्यानं थेंब टाकले. आम्ही वाट बघत बसलो. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, थेंब सुकून काळे पडले. मुंग्यांची रांग त्यांना वळसा घालून आत चालली होती.

"आज ह्यांना झालंय काय?" तो म्हणाला.

मी रांगेमागं गेलो. ती घर ओलांडून मागच्या मोरीत उतरली होती. पुंडलिक नुकताच तिथं लघवी करून आला होता. तिथं मुंग्यांचा नुसता थर. दारात वहिनी बादली घेऊन उभ्या होत्या.

"रोज धुते मी," त्या हळू म्हणाल्या. "रोज येतात. थोरल्या भाऊजींच्या मोरीतही अशाच यायच्या."

पुंडलिक आमच्यामागं येऊन उभा राहिला, अनवाणी, नेमका रांगेवर. मुंग्या त्याच्या बोटांच्या बेचक्यांत शिरल्या, घोट्यावर चढल्या. कातडीवर लाल गांधी उठू लागल्या.

"पुंडलिका, पाय काढ. चावतायत."

त्यानं मोरीकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुठं?" त्यानं विचारलं.

वहिनींनी बादली खाली ठेवली. पदरानं त्याचा पाय झाडला आणि चपला आणून समोर मांडल्या. या वेळी तो हसला नाही.