आधी शालू सोडवला

डोळे उघडले तेव्हा नाकाला चप्पल होती. कुणाची होती कुणास ठाऊक. लग्नाच्या बस्त्याला आलेली माणसं गादीवर चढायच्या आधी पायरीशी चपला काढतात, त्यातलीच एक उचललेली. रबराचा आणि पायाच्या घामाचा वास. मी तोंड फिरवलं. मालकाची बायको, तिला आम्ही वहिनी म्हणतो, ती ओरडली, "धर रे नीट! फिट आलीय तिला, हुंगू दे." वॉचमननं चप्पल परत नाकावर दाबली.

माझ्या भुवईतून रक्त वाहत होतं, डोळ्यात जात होतं. आणि दुकानातल्याच दोघी जणी माझ्या कमरेशी खटपट करत होत्या. मला वाटलं, कुठं लागलंय ते बघतायत. कसलं काय! त्या माझ्या अंगावरचा शालू सोडवत होत्या. एकीनं मला कुशीवर लोटलं, दुसरीनं निऱ्या ओढल्या, मग परत इकडं लोटलं. गाठोडं सोडतात तसं. शालू सुटला, झटकला, उजेडात धरला.

"अगं बाई, पदराला लागलंच की!" वहिनी म्हणाली. माझ्या डोक्याकडं तिनं अजून बघितलंसुद्धा नव्हतं.

सोलापुरात कापडाच्या दुकानात माझं कामच ते. मी उंच, अंगानं बारीक, म्हणून नवरीचे शालू माझ्याच ड्रेसवरून नेसवून दाखवायचे. गिऱ्हाईक गादीवर बसणार, साड्या उलगडणारे पुरुष बसणार, आम्ही पोरी उभ्या. पार्टी उठेस्तोवर टेकायचं नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि आमच्या सोलापूरचं ऊन काय सांगायचं? पंखे सगळे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर.

पाणी आम्ही पीत नव्हतो. दुकानात पोरींना बाथरूमच नाही. एक आहे, वरच्या मजल्यावर, मालकाच्या घरच्यांसाठी. गिऱ्हाइकाला पाठवतात, आम्हाला नाही. मग सगळ्या पोरी घरून निघताना दोन घोट पिणार, ते एकदम घरी गेल्यावर. कुणी नवी पोरगी बाटली घेऊन आली तर आम्हीच तिला हसायचो, "पी पी, मग कुठं जातीस ते बघू." आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कामाची पद्धत म्हणूनच शिकलो होतो.

त्या दिवशी मोहोळकडची पार्टी होती. नवरीच्या आत्यानं मला सहा-सात शालू नेसायला लावले. हिकडं वळ, तिकडं वळ, पदर पसर. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. समोरची माणसं लांब गेली. मला बोलायचं होतं, वहिनी, मला बसू द्या. जीभ टाळ्याला चिकटलेली. काउंटरच्या काचेची कड तेवढी दिसली.

मी खाली पडलेली असताना तीच आत्या वॉचमनला विचारत होती, "कुटल्या वस्तीतली हाय ही?" त्यानं सांगितलं. आत्या सरकून बसली. "आन् हिच्या अंगावर लावला व्हय आमच्या पोरीचा शालू? ठेवा तो. दुसरा काढा."

इतका वेळ तीच मला हातानं धरून फिरवत होती. तेव्हा वस्ती आठवली नव्हती.

शबाना माझ्याबरोबर काम करते. तीच एकटी ओरडली, "पैले पानी पिलाव ना इसकू! चप्पल क्या सुंगाते?" मग वहिनीनं तांब्या मागवला आणि पाणी माझ्या तोंडावर ओतलं. लांबून. प्यायला दिलं नाही. ओठावर आलं तेवढं मी चाटलं. रक्तासकट.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं भुवईला टाके घातले. शबानानं माझा हात धरला होता. बाईनं विचारलं, "पाणी कधी प्यालीस?"

"सकाळी."

"लघवीला कधी गेली होतीस?"

मी शबानाकडं बघितलं. लाज वाटली.

"फिटबिट काही नाही हे. जीभ चावलेली नाही, हातपाय वाकडे झाले नाहीत. अंगात पाणी नव्हतं, वरून दिवसभर उभी. कुणीही पडेल."

कुणीही पडेल. पण पेठेत तोवर बातमी गेली होती, त्या दुकानातल्या पोरीला फिट येते. आमच्या गल्लीत कळायला कितीसा वेळ लागणार? आई विड्या वळते. तिला शेजारणीनं पानं कातरता कातरता विचारलं. आई घरी येऊन रडली. म्हणाली, "एकदा फिटवाली म्हणून नाव पडलं की कामाला कुणी उभं करत न्हाय बग. आन् तुजं लगीन? कोण हात धरंल? गप ऱ्हा. कुणाला काय सांगू नको."

मला लग्नाचं नंतर. मला भीती वाटत होती ती पडायची. खरं सांगते, लई भीती. आंघोळीला गेले तर कडी लावत नव्हते. नळाला रांगेत उभी राहिले की भिंत धरायची. कानात जरा आवाज झाला की वाटायचं, आलं. आता पडणार. परत शुद्ध जाणार आणि परत कुणीतरी अंगाला हात घालून वळवणार, सोडणार, आणि मला कळणारही नाही. डॉक्टरनं सांगितलेलं पाठ होतं, तरी मनात यायचं, फिटच असली तर? एवढी माणसं म्हणतायत.

टाके निघाल्यावर कामावर गेले. दुकान भरलेलं. माझ्या जागी एक नवी पोरगी शालू नेसून उभी होती. तिचे ओठ फुटले होते.

वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "फिटवालीला पुढं नको. खाली गोडाऊनमध्ये घड्या घालत बस म्हणावं. तिथं पडली तर पडली."

बस्त्याची माणसं माझ्याकडं बघायला लागली. एका बाईनं पोराला जवळ ओढलं. आईचं 'गप ऱ्हा' कानात होतं. पण तोंडातून गेलंच.

"वहिनी, मला फिट येत नाही. मी तहानेनं पडले."

"काय बोलतीस गिऱ्हाइकासमोर?"

"लघवीला जागा देत नाही तुम्ही. म्हणून आम्ही कुणी पाणी पीत नाही. हिला विचारा. तिला विचारा. ही पोरगीपण पडंल आता."

शबानानं मान खाली घातली. तिला दोन लेकरं आहेत, मी तिला काय म्हणणार?

मी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या माठाजवळ गेले. एक तांब्या प्याले. दुसरा त्या पोरीच्या हातात दिला. ती वहिनीकडं बघत होती. मी म्हटलं, "पी गं." ती डोळे मिटून घटाघटा प्याली.

मग मी वरच्या जिन्याला पाय लावला. वहिनी मागून किंचाळली, "ए! वर कुठं चाललीस? तुमच्यासाठी न्हाय ते!" अर्ध्या जिन्यावर डोळ्यापुढं अंधारी आली. कठडा धरला. उभी राहिले. अंधारी गेली. मी वर गेले, मालकाच्या बाथरूमची कडी आतून लावली आणि सावकाश लघवीला बसले. बाहेर दार बडवत होते. मी घाई केली नाही.

खाली आले तेव्हा कामावरून काढलेलं होतं.

आता दुसरं काम शोधतेय. फिटवाली हे नाव माझ्या पुढं पुढं पळतंय, दोन दुकानांतून परत आले. तरी दारात उभी राहून आधी विचारते: बायकांचं बाथरूम कुठं आहे? बसायला काय आहे? माणसं हसतात, कुणी हाकलतं. भीती गेलेली नाही, कानात अजून शिट्टी वाजते. पण विचारणार. शंभर दुकानं हाकलू देत, एकशे एकाव्या दारातही हेच विचारणार.