जाऊबाईंचं शेवटचं प्रशिक्षण

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं संतापून शिकणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. माणसं शिकून शहाणी होतात, या शिकून चिडायच्या. गोरेगावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. सेनगावला प्रशिक्षण असलं की पहिल्या जीपनं निघायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि घरी परतल्या की पायांवर पाणी घ्यायच्या आधीच सुरू व्हायच्या, "हे आमाला आदी काहून सांगितलं न्हाई?" त्यात नवं शिकलेलं आधी घरच्यांवर वापरून बघायची खोड. लेकराला नुसतं 'शाबास' म्हणू नये, त्यानं काय केलं ते सांगावं, हे कळलं तेव्हा जेवणाऱ्या थोरल्या दिरांना म्हणाल्या, "तुमी भाकर बारीक चुरली, वरण सांडलं न्हाई." दीर बिचारे पुढं कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून जेवत होते. लेकराशी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलावं, हे शिकून आल्या तेव्हा गुडघेदुखी विसरून उकिडव्या बसल्या आणि तिथंच अडकल्या. पोरांनी ओढून उठवलं, तर धापा टाकत त्यांनाच सांगू लागल्या, "बघा, समद्यांनी मिळून बाईला उठवलं!"

मला हसू येतं, पण त्याहून जास्त चीड येते. अंगणवाडी म्हणजे खिचडी शिजवायची आणि मोबाईलवर फोटो पाठवायचे, त्यात शिकायचं काय, असं म्हणणारे महाभाग आमच्या घरातही आहेत. सोयाबीनवर कोणतं औषध मारायचं हे दर हंगामात नव्यानं विचारायला जातात, आणि लेकरांच्या बाईनं मात्र एकदाच शिकून त्यावर जन्म काढावा!

गेल्या वर्षी तर कहर झाला. उशिरा बोलणाऱ्या लेकरांसाठी काय करावं, यावर प्रशिक्षण निघालं. बाजारातल्या बांगडीवाल्यांची मुस्कान जाऊबाईंच्याच अंगणवाडीत होती. चार वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले. तिच्या आईनं जाऊबाईंचा हात धरून म्हटलं होतं, "बाई, कुछ तो करो." आणि नेमकं जाऊबाईंनाच बोलावणं नाही. सुपरवायझर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमची निवृत्ती जवळ आली. आता शिकून काय करणार?"

"मी जाऊन राहिले मॅडम, लेकरू कुठं जाऊन राहिलं?"

जाऊबाई बोलावणं नसताना गेल्या, पदरचं भाडं खर्चून, घरचा डबा घेऊन, आणि पहिल्याच रांगेत बसल्या. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

परतल्या त्या मात्र गप्प. आम्हाला वाटलं, कुणाशी तरी जबर भांडण झालं. खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. लेकराला काही विचारलं की थांबायचं, त्याचं उत्तर आपण द्यायचं नाही, असं तिथं शिकवलं होतं. आणि हे कुणाला? तर आमच्या जाऊबाईंना! "कावळा कसा वरडतो?" असं विचारून लेकरांनी तोंड उघडायच्या आत त्या स्वतःच काव काव करून मोकळ्या व्हायच्या.

मी एकदा त्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. एका हातात केळं, एका हातात लाडू धरून त्यांनी मुस्कानला विचारलं, "काय पायजे?" आणि ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम फुटला. मला वाटलं, आता बोलतात. पण नाही बोलल्या. मुस्काननं केळ्याकडे नुसतं बोट दाखवलं. रोज हेच चाललं, आणि निरोपाच्या दिवशीही ती पोर बोलली नाही. नव्या सेविकेला जाऊबाईंनी एवढंच बजावलं, "इचारा अन् थांबा. मधी बोलल्या तर माझ्याशी गाठ हाय."

परवा ती नवी सेविका धावतच घरी आली. "बाई, मुस्कान 'केला' म्हणली! तोंडानं केळं मागितलं तिनं!"

जाऊबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. गल्ली गोळा होईल अशा ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, "थांबल्या व्हत्या ना?" तिनं मान डोलावली आणि मुस्कानच्या आईला सांगायला निघून गेली.

जाऊबाईंनी हातातली शेंग न फोडताच परत ढिगात टाकली. मग हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्सांत किती लेकरांच्या तोंडचं म्याच बोलून टाकलं असंल गं."