लोकाग्रहास्तव मुदतवाढ

‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द मी पोहे खाता खाता लिहिते. साड्यांचा सेल तीन दिवसांचा असतो, चौथ्या दिवशी माल उरलेला असतो, मग लोकाग्रहास्तव मुदत वाढते. इतक्या वर्षांत त्यातले लोक मला कधी भेटलेले नाहीत. आग्रह करतात ते मालक, आणि तोही एवढाच की ताई, जरा अजून गोड बोला.

रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरतात त्या जाहिराती मी लिहिते आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड करते. गुलमंडीपासून वाळूजपर्यंत माझा आवाज सगळ्यांना पाठ आहे, तोंड कुणाला माहीत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आई माझ्याकडेच असते. तिचं माहेर सिल्लोडकडचं, शाळा चौथीपर्यंत, आणि दहा वर्षं साखरेचा आजार. टीव्हीवर जाहिरात लागली की मी तिची शिकवणी घ्यायचे. पांढरा कोट घातला म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. ‘फक्त आजच’ म्हणणाऱ्याला उद्याही दुकान उघडायचंच असतं. मोबाईलवर ‘दहा जणांना पाठवा’ असं आलं की ते आधी पुसून टाकायचं. आणि सगळ्यात मोठा नियम मी फार ऐटीत सांगायचे: काय सांगतात ते नंतर, सांगणारा कोण आहे ते आधी बघ. ओळखीचा नसेल तर सोडून दे. आई लसूण सोलत ‘व्हय’ म्हणायची.

मागच्या वर्षी एक चूर्णवाले आले. साखरेवर रामबाण. मी लिहून दिलं, ‘मायमाउल्यांनो, गोळ्यांना करा रामराम! हजारो रुग्णांचा अनुभव. फक्त शेवटचे तीन दिवस.’ हजारो म्हणजे नक्की किती, असं मी विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, काळजीनं नव्हे, सवयीनं विचारलं. ते म्हणाले, ‘हजारोच लिहा, शेकडो भोंग्यात नीट ऐकू येत नाही.’ हे बरोबर आहे, शे खरंच दबतो. मी वाचलं आणि घरी येऊन कोथिंबीर निवडली.

पुढं आईच्या अंगठ्याला चप्पल चावली. फोड आला, फुटला, भरेना. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, ‘गोळ्या कधीपासून बंद आहेत?’ मी ठणकावून सांगितलं, बंद नाहीत. आई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. ‘पंधरा दिस झाले,’ ती कॅलेंडरला म्हणाली. डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल.

घरी आल्यावर तिनं बाजरीच्या पिठाच्या डब्यातून चूर्णाची बाटली काढली. माझं डोकंच फिरलं.

‘एवढं शिकवलं मी तुला! कुणाचं ऐकलंस?’

‘तुझंच.’

‘मी कधी सांगितलं?’

‘रिक्षात. तूच म्हणली व्हती ना, सांगणारा वळखीचा हाय का बघ. आता पोटच्या पोरीपरीस वळखीचं कोण असंल?’

वर कळलं ते असं, की तिनं नळावर अभिमानानं सांगितलं होतं, आवाज आमच्या पोरीचा हाय आणि ती खोटं बोलायची नाय. त्यावर गल्लीतल्या दोघींनी आपल्या गोळ्या बंद केल्या होत्या.

‘ते खोटं होतं, आई.’

‘मंग माईकवर खोटं बोलतीस व्हय तू?’

‘धंदा आहे तो.’

‘मी धंद्याचं नाय इचारलं.’

‘व्हय,’ मी म्हणाले. मला लाज वाटली, आणि शिकवण्या आठवून ती जास्तच वाटली.

तिनं चूर्ण मोरीत ओतलं, पण गोळीही घेईना. म्हणे, ‘आता कोन्ती तू खरी, ही का भोंग्यातली? भोंग्यातली निदान मायमाउली म्हणती. तू नुसती वरडतीस.’ दोन दिवस असेच गेले. अंगठा काळसर दिसायला लागला आणि मला भीती वाटू लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतून चूर्णाची रिक्षा गेली, माझ्याच आवाजात, ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ!’

‘कोन्ते लोक?’ आईनं विचारलं.

‘मीच,’ मी म्हणाले.

चूर्णवाल्यांना फोन करून जाहिरातीतून माझा आवाज काढून टाकायला लावला. संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरा मिळाला, तोही गोड होता. मग मी रेकॉर्डिंगला बसले. पहिल्या पाच खेपा वाया गेल्या, कारण तोंड उघडलं की माउल्याच बाहेर पडत. सहाव्या खेपेला जमलं: ‘मी याच गल्लीतली. चूर्णाची जाहिरात माझ्या आवाजात होती. मी ती पैसे घेऊन वाचली. चूर्णानं कुणी बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या आईनं ती ऐकून गोळ्या सोडल्या, आता तिचा अंगठा जायची वेळ आली आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.’

रिक्षावाल्या चाचांनी ते दोनदा ऐकलं. ‘ताई, इसमें बेचना क्या है?’

‘कुछ नहीं.’

‘तो लोगां सुनेंगे कायकू?’

तरी त्यांनी सकाळी गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. त्या दोघी दारात आल्या, माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. एकीनं दुपारी आपल्या गोळ्यांची पट्टी आणून दाखवली, याच परत सुरू करायच्या का म्हणून. आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. तिनं तिन्ही फेऱ्या ऐकून घेतल्या.

‘ह्या खेपेला तीन दिस म्हणली नाय.’

‘नाही.’

‘हजारो बी नाय.’

‘एकच. तू.’

‘मंग खरं असंल,’ ती म्हणाली आणि गोळीसाठी हात पुढं केला.

अंगठा वाचला, नख गेलं. भोंग्याचं काम मी अजूनही करते, साड्या आणि फर्निचर, औषध सोडून. लोकाग्रहास्तव अजूनही लिहिते. घरी मात्र शिकवणी बंद आहे. मी काही सांगायला लागले, अगदी भाजीत मीठ कमी आहे असं जरी म्हटलं, तरी आई आधी विचारते, ‘हे घरचं बोलतीस, का भोंग्यातलं?’

घरचं, असं मी सांगते. मग ती स्वतः चाखून बघते.